साठीनंतर पियानो शिकताय? मग काळ्या पट्ट्यांपासून सुरू करा

पन्नाशी-साठी उलटल्यावर पियानो शिकायला घेतलेले बरेच जण पहिल्या तीन-चार महिन्यांतच सोडून देतात आणि विचारलं की म्हणतात, अहो बोटंच वळत नाहीत आता. बोटं वळतात, वेळ घेतात पण वळतात. खरी गोची वेगळीच असते. आपला कान आयुष्यभर गाणी ऐकून तयार झालेला असतो, नाट्यगीतं, भावगीतं, रेडिओवरची जुनी हिंदी गाणी, कुणाच्या घरी शास्त्रीय, आणि हात मात्र अजून पहिलीच्या वर्गात बसलेला असतो. सहा वर्षांच्या पोराचं तसं नसतं, त्याचा कान आणि हात दोन्ही कच्चे, त्यामुळे तीन सुरांचं गाणं वाजलं तरी ते खूश. आपल्याला आपणच वाजवलेलं ऐकवत नाही, मग घाई होते, घाईत खांदे आवळले जातात, खांदे आवळले की मनगट दुखतं, आणि एक दिवस त्या वाद्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात होते.

मी स्वतः निवृत्तीनंतर सुरू केलं, लहानपणी थोडी पेटी शिकले होते तेवढीच शिदोरी. आता ओळखीतल्या आमच्याच वयाच्या काही जणांना मी सुरुवात करून देते, त्यातून जे खरंच उपयोगी पडलं ते इथे लिहितेय. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, कानाला लवकरात लवकर काहीतरी सुरेल ऐकायला द्यायचं आणि हाताला मात्र हवा तेवढा वेळ द्यायचा. मेंदूला चांगलं असतं म्हणून शिका असं पुष्कळ जण सांगतात, असेलही, पण औषध घेतल्यासारखं रोज बसणारं माणूस मी टिकलेलं पाहिलं नाही. आवडतं म्हणून शिका.

वाद्य कुठलं घ्यायचं

पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. घरात नातवंडाचा ६१ पट्ट्यांचा कॅसिओ पडला असेल तर सुरुवातीचे दोन-तीन महिने तो चालेल, अजिबात लाजू नका, पण त्याच्या पट्ट्या स्प्रिंगवर असतात आणि हलक्या असतात. पियानोच्या पट्टीमागे हातोडी असते, तुम्ही जितक्या जोरात पट्टी दाबाल तितक्या जोरात ती तारेवर आपटते, आणि हळू-मोठा आवाज काढायची सगळी कला त्या वजनात आहे. बार्टोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७००च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये हे वाद्य बनवलं तेच मुळी या कारणासाठी, आधीच्या हार्प्सिकॉर्डवर कितीही जोर लावला तरी आवाज जवळपास तेवढाच यायचा. त्यामुळे पुढे शिकायचं असेल तर डिजिटल पियानो घ्या, ८८ पट्ट्यांचा, आणि दुकानदाराला स्पष्ट विचारा की हॅमर ॲक्शन, म्हणजे पट्टीला त्या हातोडीसारखं वजन, आहे का. नुसतं "टच सेन्सिटिव्ह" म्हणाला तर ते वेगळं, त्यात आवाज बदलतो पण पट्टीला वजन नसतं. यामाहा, कॅसिओ, रोलँड तिघांचीही सुरुवातीची मॉडेल्स साधारण चाळीस-पन्नास हजारांच्या घरात मिळतात, लांबी साडेचार फुटांच्या आत, वजन अकरा-बारा किलो, म्हणजे दोघांनी मिळून सहज उचलता येतं.

सेकंडहँड पण बघा, मुलांसाठी घेऊन पडून राहिलेले पुष्कळ निघतात. बघायला गेलात की एक-एक पट्टी आधी अगदी हळू आणि मग जोरात वाजवा, सगळ्या ८८, लाजायचं नाही. जुन्या डिजिटलमध्ये पट्टीखालचे रबरी कॉन्टॅक्ट झिजतात आणि मग एखादी पट्टी हळू दाबली तरी दणकन वाजते. तसं झालं तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा.

खराखुरा लाकडी पियानो कुणी फुकट देत असेल तरी जरा थांबा. त्यात सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, वर्षातून दोनदा ट्यूनिंग करावं लागतं, आणि मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत तारांना गंज, फेल्टला कसर, लाकूड फुगणं हे सगळं चालू राहतं. ट्यूनिंगच्या खुंट्या ज्या लाकडात बसवलेल्या असतात ते सैल झालं असेल तर आज लावलेला सूर महिन्याभरात उतरतो. आधी ट्यूनरला दाखवा आणि मगच टेम्पो बोलवा.

हेडफोनची सोय डिजिटलला असते, त्यामुळे पहाटे किंवा रात्री वाजवलं तरी शेजाऱ्यांना त्रास नाही असं आपल्याला वाटतं, पण पट्ट्यांचा धपधप आवाज स्टँडमधून स्लॅबमध्ये जातो आणि खालच्या मजल्यावर ऐकू येतो. स्टँडखाली जाड रबरी मॅट टाका. आणि वाद्याबरोबर जे छोटं प्लास्टिकचं पेडल येतं ते पाय ठेवला की पुढे पुढे सरकत जातं, त्याऐवजी खऱ्या पियानोसारखं वजनदार पेडल वेगळं घ्या, त्याने चिडचिड खूप कमी होते.

खुर्ची आणि चष्मा

याकडे कुणी लक्ष देत नाही आणि आमच्या वयात सगळं इथेच बिघडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डायनिंग टेबलवर पियानो ठेवू नका. टेबल अडीच फूट उंच, त्यावर वाद्याची उंची, म्हणजे पट्ट्या पार छातीशी येतात आणि खांदे वर चढतात. पट्ट्यांचा वरचा भाग जमिनीपासून साधारण ७२-७३ सेंटीमीटरवर हवा. बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर, मनगट सरळ, ना लोंबकळलेलं ना उचललेलं. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं, पाठ टेकायची नाही, आणि दोन्ही पावलं जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत, टेकत नसतील तर खाली देवघरातला जादाचा पाट घ्या. हातांची खुर्ची नको, कोपर अडतात. खुर्ची बुटकी असेल तर वर घट्ट उशी किंवा घडी केलेली सतरंजी, पण मऊ गादी नको कारण ती एका बाजूला दबते आणि कंबर वाकडी होते.

आता चष्मा. जवळचा चष्मा पुस्तक वाचायला, म्हणजे साधारण ४० सेंटीमीटरसाठी बनवलेला असतो. पियानोवरचं नोटेशन, म्हणजे सूर लिहिलेला कागद, डोळ्यापासून ६०-७० सेंटीमीटरवर असतं. जवळच्या चष्म्यातून ते धूसर, लांबच्यातूनही धूसर, आणि बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर हनुवटी वर करून खालच्या भागातून बघावं लागतं, अर्ध्या तासात मान धरते. आणि माणसाला वाटतं मला नोटेशन जमत नाही! दिसतच नाही तर जमणार कसं. घरी नेहमीच्या जागी बसा, कुणाला तरी टेपने डोळ्यापासून नोटेशनच्या कागदापर्यंतचं अंतर मोजायला सांगा, ते सेंटीमीटरमध्ये लिहून घ्या आणि चष्म्याच्या डॉक्टरांना सांगा की फक्त या अंतरासाठी एकाच नंबरची काच हवी. कॉम्प्युटरसाठी असा चष्मा आधीच असेल तर तोच घालून बघा, बहुतेक चालतो. शिवाय नोटेशनची झेरॉक्स ए थ्री कागदावर मोठी करून घ्या आणि दिवा डाव्या किंवा उजव्या खांद्यामागून येईल असा ठेवा, समोरून नको.

कानाला मशीन लावत असाल तर ऑडिओलॉजिस्टला सांगून संगीतासाठी वेगळं सेटिंग करून घ्या. मशीन मुळात बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून लावलेलं असतं, त्यातून पियानोचे वरचे सूर कधी चिरकतात, कधी थरथरतात.

पहिले पंधरा दिवस, फक्त काळ्या

क्लासमध्ये सहसा मिडल सीपासून, म्हणजे आपल्या भाषेत मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून सुरू करतात. मी मुद्दाम काळ्यांपासून सुरू करायला सांगते. पेटीवाल्यांना माहीत असेलच, तरी सांगते, दोन काळ्यांच्या जोडीच्या डावीकडची पांढरी ती पांढरी एक. तिच्या लगेच उजवीकडची काळी एक, मग काळी दोन, आणि पुढे तिघींचा गट म्हणजे काळी तीन, चार, पाच.

काळी तीनला सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्यांवरून वर जा. सा रे ग प ध. झाला भूप राग! एकही पांढरी लागत नाही, चुकीचा सूर लागायची सोयच नाही. डाव्या हाताने खाली काळी तीन आणि काळी एक, म्हणजे सा आणि प, एकत्र दाबून ठेवा, पेडल दाबा (एकापेक्षा जास्त असतील तर उजवं), आणि उजव्या हाताने मनाला येईल तसं काळ्यांवर फिरा, सावकाश. पेडलमुळे सूर एकमेकांत मिसळतात, मागे तानपुरा लावल्यासारखं वाटतं. पहिल्याच दिवशी कानाला आवडेल असं काहीतरी घरात वाजतं, आणि हे मी ज्यांच्याकडून करून घेतलं त्यातल्या कुणालाही पहिल्या दिवशी उठावंसं वाटलं नाही.

पुढची गंमत बघा. त्याच पाच काळ्या, फक्त सा बदलायचा. काळी एकला सा धरला की सा रे म प ध, म्हणजे दुर्गा. काळी दोनला धरला की धानी. काळी चारला मधमाद सारंग. आणि काळी पाचला सा धरलात तर थेट मालकंस, फक्त तिथे डाव्या हाताला सा-प नको, मालकंसात पंचम नाही, तिथे सा आणि म धरा, म्हणजे काळी पाच आणि काळी दोन. एकाच पाच पट्ट्यांतून पाच राग, आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात ती हीच. आयुष्यभर ऐकलेलं सगळं इथे कामाला येतं, आणि नेमकी हीच गोष्ट लहान मुलाकडे नसते.

हे वाजवताना हाताचं एकच बघायचं. पट्टीवर बोट आपटायचं नाही, हाताचं वजन बोटातून पट्टीत सोडायचं आणि पट्टी खाली गेली की लगेच सैल. सूर वाजून गेल्यावर पट्टी दाबत राहून काही होत नाही. पेटीवाल्यांनी हे खास लक्षात ठेवा, पेटीवर पट्टी दाबलेली आणि भाता चालू आहे तोपर्यंत सूर तसाच टिकतो, पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. आधी तो फार कोरडा वाटतो, मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं नाही, टिकणं नाही. त्याची भरपाई पेडलने, खालच्या सुरांनी आणि हळू-मोठ्याने करायची असते, आणि त्याची गोडी लागायला थोडे दिवस जातात.

मग पांढऱ्या, आणि अंगठा

बोटांना नंबर असतात, दोन्ही हातांना अंगठा १ आणि करंगळी ५. उजव्या हाताचा अंगठा पांढरी एकवर, पुढची बोटं शेजारच्या चार पांढऱ्यांवर, झाला सा ते प. एवढ्यात बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीतली ती जगप्रसिद्ध चाल बसते, ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. सगळी चाल जवळपास या पाच सुरांतच आहे, पुढे एका ठिकाणी फक्त खालचा प लागतो. १८२४ साली पहिल्यांदा वाजलेली ती चाल घ्यायला सांगते कारण ती बालगीत नाही, मोठ्या माणसाने वाजवावी अशी आहे. मोठ्या माणसांना कोंबडी-बदकाची गाणी देऊन बसवणं मला पटत नाही.

पाच सुरांच्या पुढे जायचं तर अंगठा बोटांखालून घालावा लागतो. पांढरी एकपासून पूर्ण सप्तक उजव्या हाताला १ २ ३, मग अंगठा खालून, १ २ ३ ४ ५. इथे मनगटाला झटका देऊन अंगठा ढकलतात आणि मग तिथेच दुखायला लागतं. अंगठा आधीपासूनच सरकत राहिला पाहिजे, दुसरं बोट वाजत असतानाच तो आत निघालेला असावा, आणि सगळा हात उजवीकडे वाहत गेला पाहिजे.

खरं तर हे शिकायला पांढऱ्या पट्ट्यांची सरगम सगळ्यात अवघड आहे, हाताला कुठलीच खूण नाही. पियानोचा मोठा संगीतकार शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना सी मेजर, म्हणजे हीच पांढरी एकची सरगम, आधी न देता बी मेजर द्यायचा, म्हणजे पांढरी सातला सा. कारण सोपं आहे. अंगठा पांढरी तीनवर, लांब तीन बोटं काळी तीन-चार-पाचवर आणि करंगळी पांढरी सातवर ठेवून बघा, हात आपोआप गोलसर बसतो, काही करावंच लागत नाही. लांब बोटं उंच पट्ट्यांवर, आखूड बोटं खालच्या पट्ट्यांवर. वय झालेल्या हाताला हे फार सुखाचं पडतं, कागदावर बी मेजरला पाच शार्प, म्हणजे काळ्या पट्ट्यांच्या खुणा, दिसतात म्हणून घाबरू नका, कागद बाजूला ठेवा आणि हाताने शिका.

डावा हात

पेटी वाजवलेल्यांचा डावा हात आयुष्यभर भात्यावर होता, त्यामुळे त्यांचा उजवा पुढे पळतो आणि डावा पार अडाणी. बाकीच्यांचंही थोडंफार तसंच. म्हणून रोज बसल्यावर आधी डावा हात घ्या, मन ताजं असताना. उजव्याला मग वेळ कमी पडला तरी चालेल.

डाव्याला पहिलं काम म्हणून मी दादरा ताल देते. करंगळी पांढरी एकवर, मधलं बोट पांढरी तीनवर, अंगठा पांढरी पाचवर, म्हणजे सा ग प. "धा" ला करंगळी एकटी, "धी" आणि "ना" ला मधलं बोट आणि अंगठा एकत्र. धा धी ना, धा ती ना. फोनवर तबल्याचं ॲप असेल तर दादरा लावा, नसेल तर तोंडाने म्हणा, मेट्रोनोमच्या टिकटिकपेक्षा आपल्या लोकांना बोल म्हणत वाजवणं लवकर जमतं असा माझा अनुभव आहे. असे सूर एकत्र घेतले की त्याला कॉर्ड म्हणतात. हे बसलं की दुसरी कॉर्ड, अंगठा पांढरी पाचवर तसाच, तर्जनी पांढरी चारवर, आणि करंगळी एक घर खाली सरकून पांढरी सातवर. या दोन कॉर्डमध्ये साध्या चाली खूप निघतात.

दोन्ही हात एकत्र आणताना सगळ्यांचं डोकं बंद पडतं, वयाचा काही संबंध नाही, तरुणांचंही पडतं. आधी पियानो सोडा आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवून नुसती लय वाजवा, डाव्याने धा धी ना, उजव्याने चालीची लय. ते जमलं की पट्ट्यांवर या, पण एकच माप, म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा, घ्या आणि पुढच्या मापाचा पहिला सूर. तेवढंच. तो पुढचा सूर घ्यायचा कारण अडखळणं नेहमी सांध्यावर होतं, मापाच्या मध्ये क्वचितच. इतकं हळू वाजवा की चूक व्हायला जागाच राहणार नाही, कानाला ते गाणं वाटणार नाही इतकं हळू, आणि इथेच आपला तो तयार कान बंड करतो. त्याला थोडा वेळ गप्प बसवायचं. त्याच्यासाठी शेवटी पाच मिनिटं भूप आहेच.

नोटेशन वाचायचं का

हो. कानाने वाजवता येत असलं तरी शिका, कारण या वयात लांबलचक गोष्टी पाठ राहायला त्रास होतो आणि कागद समोर असला की निर्धास्त वाटतं. सगळ्या रेषा एकदम पाठ करू नका. तीन खुणा पुरतात. वरच्या पाच रेषांच्या सुरुवातीला असलेल्या ट्रेबल क्लेफ या चिन्हाचा पीळ ज्या रेषेभोवती आहे, खालून दुसरी, तो जी म्हणजे मधल्या सीच्या वरची पांढरी पाच. खालच्या पाच रेषांवरच्या बास क्लेफ या चिन्हाचे दोन टिंब ज्या रेषेच्या वर-खाली आहेत तो एफ, मधल्या सीच्या खालची पांढरी चार. आणि दोन्हीच्या बरोबर मध्ये, छोट्या तुटक रेषेवर, मिडल सी. बाकीचे सूर या तिघांपासून मोजत जायचं, रेष-जागा-रेष-जागा. महिन्याभरात मोजायची गरज कमी होते.

प्रत्येक सुराखाली पेनने सा रे ग लिहू नका, एकदा लिहिलं की डोळा तेच वाचतो आणि वरचं कधीच वाचत नाही. शिवाय आपला सा हलतो, हे सी डी ई हलत नाहीत, दोन्हीची सांगड घालत बसलात की गाणं दुसऱ्या पट्टीत गेलं रे गेलं की सगळा गोंधळ. गाताना सरगम, वाचताना ए बी सी, असे दोन वेगळे कप्पे ठेवा.

यूट्यूबवर वरून रंगीत पट्ट्या पडतात ते व्हिडिओ बघून एखादं गाणं बसतं, मजा येते, बघा जरूर, पण त्यातून वाचायला येत नाही आणि कुठल्या बोटाने वाजवायचं ते कळत नाही.

रोज किती

सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं, एका दमात तासभर बसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. हाताने शिकलेलं झोपेत पक्कं होतं, काल न जमलेलं आज सकाळी अचानक जमतं याचा अनुभव तुम्हाला पहिल्या महिन्यातच येईल. रविवारी तीन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही, फक्त मनगट सुजतं.

जवळ नेहमी तीन गोष्टी ठेवा, एक शिकत असलेली, एक जवळजवळ आलेली, आणि एक पूर्ण बसलेली जी फक्त आनंदासाठी वाजवायची. बसलेल्या गोष्टी लोक सोडून देतात आणि कायम अवघडातच अडकून राहतात, आणि मग पाहुणे आले, काहीतरी वाजव म्हणाले की हातात काहीच नसतं. महिन्यातून एकदा फोनवर रेकॉर्ड करून तारीख टाकून ठेवा. रोज ऐकू नका, दोन-तीन महिन्यांनी जुनं काढून ऐका.

दुखलं तर

थंडीत किंवा सकाळी बोटं आखडलेली असतील तर आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात हात ठेवा. बोटं दमणं ठीक आहे, दुखणं ठीक नाही, दुखलं की तिथल्या तिथे थांबा, "थोडं दुखतंच" म्हणून रेटू नका. रात्री बोटांना मुंग्या येत असतील, बोट वाकवलं की अडकून टकदिशी सुटत असेल, किंवा खांदा वर जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा आणि पियानो वाजवताय हे आवर्जून सांगा. मधुमेह असलेल्यांमध्ये बोट अडकणं आणि खांदा धरणं जास्त दिसतं. संधिवात असला तरी वाजवता येतं, फक्त मोठे ताण टाळा. पूर्ण सप्तक, म्हणजे साडेसोळा सेंटीमीटर, एका हातात पकडायचा हट्ट नको, वरचा किंवा खालचा एक सूर सोडून द्या किंवा दोन्ही एकामागून एक वाजवा. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. बोटांची ताकद वाढवायला रबरी बॉल दाबणं वगैरे करू नका, पियानोला ताकद लागतच नाही, सैलपणा लागतो.

शिक्षक

सुरुवातीला निदान काही महिने समोर बसून शिकवणारं कुणीतरी हवं, कारण आपले खांदे वर गेलेत हे आपल्याला स्वतःला कळत नाही. ऑनलाइन शिकायचं असेल तर फोन बाजूला, मनगटाच्या उंचीवर लावा, वरून नको, वरून बोटं दिसतात पण मनगट दिसत नाही. गोव्यात राहणाऱ्यांचं भाग्य वेगळं, तिथे चर्चच्या शाळांमधून सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीने सूर वाचून गाणं, शिकवायची जुनी परंपरा आहे आणि पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, तिथे आधी चौकशी करा.

फी ठरवण्याआधी एक ट्रायल क्लास घ्या आणि विचारा की याआधी मोठ्या वयाच्या कुणाला शिकवलंय का, माझ्या आवडीचं गाणं मध्येमध्ये घ्याल का, आणि एखादा आठवडा प्रॅक्टिस झाली नाही तर काय. शिक्षक तुमच्या मुलीच्या वयाचा असेल, असू दे, सर म्हणायचं आणि सांगतील ते करायचं. पण "या वयात एवढंच पुरे हो काका" असं म्हणणारा भेटला तर दुसरा शोधा, तो तुम्हाला शिकवणार नाही, रमवणार.

परीक्षांचं विचारतात पुष्कळ जण. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या दोन्ही लंडनच्या परीक्षा भारतात देता येतात, इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंत, आणि वयाची वरची अट नाही. एबीआरएसएममध्ये सहाव्या ग्रेडला बसायचं तर आधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिच्याऐवजी चालणारी दुसरी परीक्षा पास असावी लागते, ट्रिनिटीत तशी अट नाही. ज्यांना आयुष्यभर परीक्षेची तारीख आली की अभ्यास होतो अशी सवय आहे त्यांनी जरूर द्यावी, तारीख असली की रोज बसणं होतं. बाकीच्यांनी फॉर्म भरू नये, नुसता सिलॅबस बघावा, त्यात कुठल्या ग्रेडला कुठले पीस आहेत ते दिलेलं असतं, म्हणजे आपल्या हाताला आज काय झेपेल याचा अंदाज येतो आणि पुढचं गाणं निवडताना उगाच तीन ग्रेड वरचं उचललं जात नाही.